बिडाच्या टोपातले सूप

मित्रांनो, या स्वयंपाकघरात डोकावलात तर मी तुम्हाला लगेच दिसेन, कारण अर्धी शेगडी मी एकट्यानेच अडवलेली असते. मी एक जुना बिडाचा टोप आहे. रंगाने काळा, बुडाने जाड, दोन कानांचा आणि उचलायला गेलात तर घाम फोडणारा.

माझा जन्म ओतकामाच्या कारखान्यात झाला. वाळूच्या साच्यात वितळलेले लोखंड ओतले, ते निवले आणि साचा फोडून मला बाहेर काढले. कारागिराने माझे काठ घासले, हातोडीने टकटक वाजवून पाहिले आणि म्हणाला, "खणखणीत आहे!" जन्मल्या जन्मल्या कौतुक झाले म्हणून मी फुगलो. पण दुकानात आलो तेव्हा सगळी हवा निघाली. येणारे मला उचलून बघत, "अरे बापरे!" म्हणत आणि शेजारचे हलके भांडे घेऊन जात.

एके दिवशी लाँड्रीवाल्या काकू आल्या. दिवसभर जड इस्त्री फिरवून त्यांचे हात पोलादी झाले होते. त्यांनी मला एका हाताने उचलले आणि दुकानदाराला म्हणाल्या, "हाच द्या. बाकीची तुमची भांडी म्हणजे नुसती कागदाची पुडकी."

तेव्हापासून थंडी पडली की माझ्यात कोबी-सॉसेजचे सूप शिजू लागले. काकू आधी सॉसेजच्या चकत्या परतायच्या. त्यांची चरबी सुटली की त्याच चरबीत कांदा-लसूण, मग गाजर, बटाटे, टोमॅटो. शेवटी चिरलेला कोबी. कोबी मोठा रुबाबदार! आधी काठाच्या वर डोके काढून बसतो, पण वाफ लागली की मुकाट्याने खाली येतो. मग पाणी, तमालपत्र, मिरपूड आणि झाकण. पलीकडचा शिंपी भिंतीवर थाप मारून ओरडायचा, "काकू, वास पोचला! वाटी घेऊन येऊ का?" काकू ओरडायच्या, "वाटी कसली, पातेलं आणा!"

मग एका सकाळी इस्त्री करता करता काकू खाली कोसळल्या. अर्धांगवायूचा झटका होता. इस्पितळातून त्या घरी आल्या तेव्हा उजवा हात लुळा पडला होता आणि जीभ जड झाली होती. त्यांची लेक दुसऱ्या शहरात परिचारिका होती. ती रजा काढून धावत आली. तिने घर आवरले, एक हलके पातेले विकत आणले आणि मला न्हाणीघरात गळक्या नळाखाली ठेवले. मित्रांनो, ज्याच्या पोटात सूप शिजायचे, त्याच्या पोटात आता थेंब थेंब गार पाणी पडू लागले. माझ्या अंगावर गंज चढला.

घरातही काही बरे चालले नव्हते; न्हाणीघराच्या उघड्या दारातून मला सगळे दिसायचे. काकूंचे यजमान रंगकाम करायचे. उभा जन्म त्यांनी भिंती रंगवल्या, पण चूल कधी पाहिली नव्हती. त्यांनी अंडी उकडायला ठेवली, तर पाणी आटून अंडीसुद्धा करपली! शेवटी लेक म्हणाली, "बाबा, हे असं किती दिवस चालायचं? घराला कुलूप लावू. दोघंही माझ्याकडे चला."

काका करपलेले भांडे घासू लागले. काकू मात्र खुर्चीवरून म्हणाल्या, "नाही. मी... रांधेन."

"आई, हट्ट करू नकोस. एका हाताने सुरी धरशील? बोट तुटलं तर?"

"रांधेन," काकू पुन्हा म्हणाल्या. "सूप. खाऊन बघ. मग बोल."

लेकीने हात टेकले. "बरं. एकदा पूर्ण जेवण करून दाखव. मी मधे पडणार नाही."

पहिला डाव साफ फसला. डाव्या हाताने सुरी लावताच कोबी घरंगळत जमिनीवर गेला. सॉसेज हलवायला घेतले, तर चमच्याबरोबर ते हलके पातेलेच गोल फिरू लागले. उजवा हात असता तर त्याने पातेले धरले असते. ते फिरत फिरत शेगडीवरून कलंडले आणि गरम चरबी फरशीवर सांडली. नशिबाने कुणाला भाजले नाही. लेकीने गॅस बंद केला. "आई, आता पुरे. मी सामान बांधायला घेते."

काकूंचे डोळे भरले, पण त्या उठल्या नाहीत. त्यांनी कलंडलेल्या पातेल्याकडे आणि घरंगळलेल्या कोबीकडे नीट निरखून पाहिले. मग म्हणाल्या, "अहो, खिळे आहेत?"

"आहेत. कशाला?"

"फळीला ठोका. खालून. टोकं वर. आणि... जड टोप आणा. न्हाणीतला."

काकांना हळूहळू उमगले. त्यांनी कापायच्या फळीतून दोन स्वच्छ खिळे वर काढले. मग मला उचलून आणले. जाडे मीठ आणि तेल लावून त्यांनी माझा गंज असा काही घासला, की जणू जुनी भिंतच खरवडताहेत! धुऊन, पुसून, तापवून त्यांनी मला शेगडीवर बसवले.

दुसऱ्या दिवशी काकूंनी अर्धा कोबी खिळ्यांत दाबला. तो जागचा हलला नाही. सुरी चालू लागली. चकत्या जाडजूड होत होत्या, काही तिरक्या होत होत्या, पण होत होत्या. कांदाही खिळ्यांनी धरला, गाजरही. काकूंच्या कपाळावर घाम आला. मधेच सुरी हातातून निसटली, लेक पुढे धावली. काकूंनी नुसती मान हलवली आणि सुरी पुन्हा उचलली.

मग माझी पाळी आली. सॉसेज तडतडले आणि काकू एका हाताने चमचा फिरवू लागल्या. मित्रांनो, ज्या वजनाला सगळे नावे ठेवत, ते वजन मी त्या दिवशी पाय रोवून सांभाळले. तसूभरही हललो नाही. काकूंनी मला उचललेच नाही. पाणी तांब्या-तांब्याने ओतले आणि शिजल्यावर सूप डावाने वाढले.

लेकीने पहिला घोट घेतला.

"मीठ कमी आहे," ती म्हणाली.

काकू म्हणाल्या, "मग घाल की! तुझे तर दोन्ही हात चालतात."

लेक हसली, हसता हसता रडली आणि रिकामी वाटी पुन्हा पुढे केली. रजा संपल्यावर ती एकटीच परत गेली. जाताना तिने एकच गोष्ट सामानात घातली, ते हलके पातेले.

मित्रांनो, आजारी माणसावर माया जरूर करा, पण त्या मायेपोटी त्याच्या हातातला डाव काढून घेऊ नका. त्याला कुठे अडते ते बघा आणि तिथे एखादा खिळा ठोकून द्या. पुढचे त्याचे त्याला करू द्या.