सिनेमातून गाळलेली नणंद

शिवणकामावर घर चालवणाऱ्या वहिनीच्या डाव्या डोळ्याचा पडदा सुटला. ऑपरेशन नीट पार पडलं, पण डॉक्टरांनी बजावलं, "पडदा चिकटेपर्यंत पालथं झोपायचं. मान वर करायची नाही." दिवसभर मशीन चालवणाऱ्या बाईला नुसतं पडून राहणं म्हणजे शिक्षाच. त्यात मदतीला कोण, तर नणंद!

दोघींचं कधी जमलंच नव्हतं. वहिनीचा नवरा गेल्यापासून बोलणं लग्नकार्यापुरतं उरलं होतं. तेव्हाही वाद ठरलेला: एका गाजलेल्या कादंबरीवर हॉलिवूडने काढलेले दोन सिनेमे. जुन्या, काळ्या-पांढऱ्या सिनेमात नायिका नवऱ्याशी जुळवून घेते. तो नणंदेचा लाडका. नव्या, रंगीत सिनेमात ती घर सोडून जाते, तो वहिनीचा.

नणंद मूळ कादंबरीच घेऊन आली. "एकदाचा सोक्षमोक्ष लावू," म्हणत तिने खाटेशेजारी जमिनीवर बसकण मारली. टेलिफोन ऑपरेटर म्हणून जन्म गेलेला, आवाज खणखणीत. वहिनीच्या डोळ्यात थेंब, तोंडात घास घातला, की पुढचं पान.

अर्धं पुस्तक झालं आणि एक भलतीच बाई उगवली. नायकाची थोरली बहीण. जिभेला धार, कोणाला नकोशी. पण नायिका तापाने फणफणली तेव्हा उशाशी हीच बसून.

"वन्सं, ही कोण? सिनेमात नव्हती!"

"दोन्हीकडे गाळली मेल्यांनी. नणंदेला बघायला तिकीट कोण काढणार?"

वहिनीला हसू आवरेना.

"अगं, मान हलवू नकोस!"

हसता हसता वहिनीची उजव्या डोळ्याची नजर खाटेखाली गेली. समोर नणंदेचे पाय. बसून बसून टम्म सुजलेले.

"वन्सं, वर खुर्चीवर बसा ना."

"वरून तुला नीट ऐकू जाणार नाही."

"तुम्ही नसतात तर माझं कसं झालं असतं हो? एवढ्या वर्षांत मी तुम्हाला धड ओळखलंच नाही."

नणंदेचं पान उलटायचं राहूनच गेलं. मग म्हणाली, "मी तरी कुठे तुला ओळखलं?"

कादंबरीचा शेवट दोन्ही सिनेमांहून वेगळाच निघाला. दोघीही हरल्या, आणि खुशीत हरल्या.

पट्टी सुटली. नजर हळूहळू परतली. नणंद बॅग भरू लागली, तशी वहिनीने ती हातातून काढून घेतली.

"इतक्यात कुठे निघालात? आता मी करते, तुम्ही पाय वर घेऊन बसा."

नणंद बसली.