शेवटचा फर्मा

कुणाचाच विश्वास बसणार नाही, पण जगात एक पुस्तक असं आहे, की त्यात गरीब माणूस शेवटच्या पानापर्यंत जिवंत राहतो, लढतो आणि वर जिंकतोसुद्धा. ते लिहिलं कुणी हे सांगणं अवघड. बांधलं कुणी ते मात्र पक्कं ठाऊक आहे: वाचनालयाच्या मागच्या खोलीतल्या बाइंडरनं.

बाइंडरच्या घरी माणसं दोनच, तो आणि त्याची वहिनी. थोरले दादा रंगाच्या कारखान्यात कामगारांचे पुढारी होते. संप फसला, नोकरी गेली, आणि त्या धसक्यानं दादाही गेले. मग वहिनींनी तोंडाला कुलूपच घातलं. घरात भांडी वाजायची, नळ वाजायचा, वहिनी नाही. शेवटी बाइंडरनं दुरुस्तीला आलेलं एक लढ्याचं पुस्तक घरी आणलं. वहिनींनी ते वाचलं आणि भिंतीवर आपटलं.

"भावजी, हा लेखक आहे की खाटीक? सगळे मारले की हो मेल्यानं!"

बाइंडरला इतका आनंद झाला, की दुसऱ्या दिवशी त्यानं पिशवी भरून पुस्तकं आणली.

तेव्हापासून घर बोलतं झालं. वहिनी अन्यायाची पुस्तकं वाचायच्या आणि लेखकांची सालटी काढायच्या. "मुखपृष्ठावर वळलेली मूठ दिसली की समजायचं, हा बिचारा दीडशेव्या पानावर जाणार." नाहीतर, "गरिबाच्या घरात यांना फक्त कंदील दिसतो. कुणी हसत नाही, कुणी घोरत नाही. ऐन संपात तुमचे दादा काय घोरायचे! ते लिहा ना."

बाइंडरही भर घालायचा. "लढ्याची पुस्तकं, वहिनी, सुरुवातीला मळलेली आणि पुढे कोरी करकरीत. क्रांती व्हायच्या आत लोकांना झोप लागते. आणि चहाचा डाग हमखास नायकाच्या मरणावर."

असं छान चाललं होतं. एके दिवशी वहिनींनी पुस्तक मिटलं आणि आपटलं नाही. 

"पुरे झालं, भावजी. हरलेला माणूस मी घरात पाहिलाय. आता ते धुलाई कारखान्यातल्या बायकांचं तेवढं आणा. तुमचे दादा वाचनालयातून आणून अर्धं वाचून गेले. त्यातही हरले, तर माझं वाचन बंद."

म्हणजे पुन्हा भांडी आणि नळ.

पुस्तक नेमकं बाइंडरच्याच टेबलावर पडलं होतं, पाठ निघालेलं. बाइंडरला एक खोड होती. चिकटवायची खळ वाळेपर्यंत तो पुस्तकाचा शेवट तेवढा वाचायचा. मधलं वाचायला वेळ कुणाला? त्यामुळे पुढारीण अक्का शेवटी मरते आणि मालक नवी गाडी घेतो, हे त्याला ठाऊक होतं. शेजारीच भाडेकरूंच्या लढ्याचं पुस्तक होतं. त्याच छापखान्याचं, त्याच मापाचं. दोन्ही लेखकांना नवं नाव शोधायचा कंटाळा, म्हणून तिथेही पुढारीण अक्काच. फरक एवढाच, की ही जिंकत होती.

फर्मा म्हणजे एकत्र घडी घातलेली सोळा पानं. बाइंडरनं दोन्ही पुस्तकं उसवली. शेवटच्या फर्म्यांची उंची जुळली, भोकं जुळली, पानांचे आकडेसुद्धा जुळले. बाइंडरला याहून जास्त काय जुळायला हवं? त्यानं दोरा ओवला.

घरी पुस्तक देताना मात्र त्याची जीभ सैल सुटली. "वहिनी, हे जपून वाचा हं. हे वाचून आमच्या ग्रंथपालांनी झाडूवालीला खुर्चीत बसवलं आणि स्वतः जिना झाडला. एका घरमालकानं तर अर्धं वाचूनच भाडेकरूची माफी मागितली. पुरं वाचलं असतं तर घरच देऊन बसला असता!"

"तुमचं आपलं काहीतरीच," वहिनी म्हणाल्या आणि वाचायला बसल्या.

शेवटाला त्या पोचल्या तेव्हा बाइंडर गॅसवर खळ ढवळत होता. वहिनी मोठ्यानं वाचू लागल्या. "'मालकानं किल्ल्या अक्काच्या पुढ्यात ठेवल्या.' अगंबाई, जिंकली की हो!" त्यांनी चष्मा काढून पुसला. बराच वेळ पुसला.

"म्हटलं नव्हतं?" बाइंडर पातेल्यापाशीच फुगला.

"'अक्कानं दोन्ही हातांनी दार ढकललं...'"

वहिनी मागची पानं उलटू लागल्या.

"भावजी."

"ओ."

"हिचा उजवा हात पिळायच्या यंत्रात गेला ना? तुमच्या दादांनी तिथेच पान दुमडलंय."

"गेला होता?" बाइंडरचा चमचा थांबला. "असेल. लढ्यात माणसाला बळ येतं, वहिनी."

"बळ येतं. हात येत नाही."

"येतो! मी स्वतः पाहिलाय एक माणूस, मोर्चात पुढे होता, त्याचा अख्खा खांदा..."

वहिनींनी पुस्तक उजेडात धरून शिवण पाहिली. "हा शेवट कुठल्या पुस्तकाचा?"

"भाडेकरूंच्या."

"आणि आमच्या अक्काचा?"

"तिकडे शिवला. पुस्तक बिनशेवटाचं कसं सोडणार?"

पुस्तक भिंतीवर असं आपटलं, की पातेल्यातली खळ हिंदकळली.

"म्हणजे तिकडच्या जिंकलेल्या बाईला तुम्ही मारलंत? खोटारडे! उचला ती सुई. आधी तिला जिवंत करा, मग माझी हरलेली मला परत आणून द्या. बघतेच मी, कशी हरते ती!"