अर्धी दाढी

सलूनच्या पाटीवरचा दिवा बदलताना स्टुलावरून पडलो, डोकं पायरीवर आपटलं, त्याला चार महिने झाले. हात शाबूत राहिले. बिघडलं ते दुसरंच. दुधाचं पातेलं बघून रडू येतं. जावई बोलायला लागला की राग येतो, आणि तो तर इतका गरीब की पंखासुद्धा मला विचारून लावतो. डॉक्टर म्हणाले, डोक्याला असा मार बसला की हसणं-रडणं माणसाचं ऐकत नाही. मी मान हलवली. पण आपल्याला खरं काय वाटतंय तेच कळेना, त्याचं काय करायचं?

मुलाने बजावलं होतं, "बाबा, केस कापा हवे तर. वस्तऱ्याला हात लावायचा नाही." तो सामान आणायला गेला आणि नेमके मास्तर आले. तीस वर्षं त्यांची दाढी मीच करतो. मी फेस लावला.

डावा गाल झाला. मास्तर आरशात बघत म्हणाले, "इथून दवाखान्यात जायचंय. हिचं आता काही खरं नाही म्हणतात. खुंट वाढलेले हिला खपत नाहीत."

आणि मला हसू फुटलं. वस्तरा खाली ठेवला, एवढी शुद्ध होती. मग पोट धरधरून हसलो.

"हसण्यासारखं काय झालं?"

"मास्तर, मी..." पुढे पुन्हा हसूच.

गळ्यातला टॉवेल खुर्चीवर टाकून ते फेसासकट रस्त्याला लागले.

मुलगा आला, त्याला सांगितलं. कपाळावर हात मारून म्हणाला, "उद्यापासून नुसतं बसायचं. गिऱ्हाइकांशी गप्पा मारायच्या, बस्स."

"अरे, गप्पांतच तर घोटाळा झाला."

तो हसला नाही. मी मात्र बसून शोधत राहिलो, वहिनींचं ऐकून मला वाईट वाटलं होतं का? सापडेना. हसण्यापेक्षा त्याचीच भीती वाटली. एक मात्र नक्की ठाऊक होतं, जन्मात कुणाचा चेहरा मी अर्धा सोडलेला नाही. पेटी उचलली.

"वस्तरा इथे ठेवा, बाबा. मी जातो."

"तुला ते गाल देणार नाहीत."

तो दारात आडवा उभा राहिला. मग बाजूला झाला.

मास्तरांनी दार उघडलं. उजव्या गालावर फेस वाळून पापुद्रे धरले होते.

"हसायचं राहिलंय का अजून?"

"दाढी राहिलीय."

"आणि मध्येच हसू आलं तर?"

"वस्तरा खाली ठेवीन. तेवढं कळतं मला."

ते दारातून बाजूला झाले. मग स्वयंपाकघरातली खुर्ची ओढून खिडकीपाशी बसले.

मी पुन्हा फेस लावला. अर्धा गाल झाला आणि माझ्या डोळ्यांतून धार लागली. मी हात काढून घेतला.

"आता काय?"

"ठाऊक नाही. खोटं कशाला बोलू, मास्तर, आत काहीच वाटत नाहीये."

त्यांनी डोळे मिटले. "मला वाटतंय रे. पण सकाळपासून रडताच येत नाहीये. होऊ दे तुझं. भेटायची वेळ चारची आहे."

मी वस्तरा खिडकीत ठेवला. कुणाचं रडू रडतोय ते न कळता तिथेच उभा राहिलो. थांबल्यावर तोंड धुतलं, हात कोरडे केले आणि त्यांची हनुवटी वर धरली.