तोकोमार्काच्या कड्यावरची गाठ

मित्रांनो, मी एक जुना दोर आहे. लामाच्या, म्हणजे डोंगरात ओझी वाहणाऱ्या प्राण्याच्या लोकरीचा, सात वाव लांबीचा, काळा-पांढरा. माझे वय एकोणीस वर्षे. त्यातले चौदा महिने मी तोकोमार्काच्या पडक्या गावात, दोन दगडी खुंट्यांच्या मध्ये ताणून बांधलेला होतो. वर्षांच्या हिशेबाने हा काळ थोडाच आहे. पण दोराला वर्षे कळत नाहीत, त्याला ताण कळतो.

माझे सूत आसुंताने कातले. ते उजवीकडे पीळ देऊन कातले आणि दोन-दोन धागे डावीकडे पीळ देऊन जोडले. दोन्ही पीळ एकमेकांना अडवून धरतात, म्हणूनच दोर उलगडत नाही. अशा तीन सुतांचा एक पदर, आणि असे आठ पदर. तिचा नवरा नाझारिओ याने ते पायाच्या अंगठ्याला अडकवून वेणीसारखे गुंफले. त्याला चार दिवस लागले. पाचव्या दिवशी त्याने मला अकरा लामांभोवती फिरवले आणि माझे काम सुरू झाले.

माझे काम सोपे होते. सकाळी ओझी लादायच्या वेळी सगळ्या लामांना एकत्र गोळा करायचे, छातीच्या उंचीवर मला त्यांच्याभोवती गुंडाळायचे आणि टोके बांधायची. मग एकेकाच्या पाठीवर पंचवीस किलोपर्यंत ओझे. लामा मनात आणील तर मला सहज ओलांडील. तो घराच्या कुंपणावरून उडी मारतो. पण दोराच्या आत तो उभा राहतो.

आमच्या गावातून निघून तोकोमार्काला चौथ्या दिवशी पोहोचता येते. वाटेत तीन गावे आणि दोन खिंडी लागतात. पाठीवर पिशव्या घेतलेले परदेशी लोक ही वाट चालायला येत, आणि त्यांचे तंबू व बटाटे आमचे लामा नेत. दर सकाळी त्यांच्यातला कोणीतरी हमखास विचारायचा, की हे प्राणी उडी मारून जात का नाहीत? नाझारिओ गालातली कोकाची पाने दुसऱ्या गालात सरकवायचा आणि म्हणायचा, "त्यांना अजून कोणी सांगितलं नाही. तुम्हीही सांगू नका."

नाझारिओचा एक नियम होता. ओझी लादून झाली की माझी गाठ सोडायची आणि मला वेटोळे करून पहिल्या लामाच्या पाठीवर ठेवायचे. रात्री कधीही माझ्यावर गाठ राहू द्यायची नाही. कळपाचा दोर गाठीत राहिला तर कळपाची वाट गाठीत अडकते, असे त्याचे वडील म्हणत, आणि त्यांचेही वडील म्हणत. मी स्वतः दोर आहे. गाठीने वाट अडते का, हे मला सांगता येणार नाही. पण गाठीने दोर अडतो, एवढे मी खात्रीने सांगू शकतो.

नाझारिओचा गुडघा निकामी झाला तेव्हा त्याची मुलगी दियोनिसिया कळप घेऊन निघाली. तो एप्रिल होता, आमच्याकडच्या पावसाळ्याचा शेवट. चौथ्या दिवशी तोकोमार्काला पोहोचताच गारा सुरू झाल्या. पायऱ्यांच्या वळणावर बाहेरची भिंत ढासळली आणि तिच्या जागी नुसता कडा उरला. त्याच वेळी ढग खाली आला. नऊ चालणारे अजून खालच्या पायऱ्यांवर होते आणि त्यांना हातभर अंतरावरचे दिसत नव्हते.

दियोनिसियाने मला लामाच्या पाठीवरून ओढले. त्या जुन्या भिंतीतून दोन दगडी खुंट्या बाहेर आलेल्या आहेत, ढासळलेल्या जागेच्या एका बाजूला एक, दुसऱ्या बाजूला एक. तिने मला दोन्हींना बांधले.

"दोराला हात लावून या," ती ओरडली. "दोर सोडायचा नाही. दोराच्या पलीकडे काही नाही."

नऊ हात एकामागून एक माझ्यावरून सरकत गेले. एका हाताने माझे चार केस उपटून नेले. सगळे पोहोचले. पलीकडे खाली मुक्कामाला उतरून सकाळी पुन्हा ओझी बांधायची होती आणि दोर तर वर. मग तिने त्या नऊ जणांना एकमेकांचे हात धरायला लावून दोरासारखे लामांभोवती उभे केले, हे मला नंतर समजले. तेव्हा मला एवढेच ऐकू आले, "पुढच्या खेपेला नेते तुला."

ती पहिल्यांदाच माझ्यावर गाठ ठेवून गेली.

पुढची खेप बारा दिवसांनी आली. तोवर पडक्या गावाचा राखणदार उबाल्दो याने तिच्या गाठींवर स्वतःच्या दोन-दोन गाठी मारल्या होत्या आणि गावाच्या सामानाच्या वहीत माझी नोंद करून मला नंबराचा पत्र्याचा एक बिल्ला अडकवला होता. उबाल्दो काही परका नव्हता. दियोनिसियाच्या धाकट्या मुलाचे पहिले केस त्याने कापले होते, त्यामुळे त्यांचे मानलेले नाते होते; ती त्याला कोंपाद्रे म्हणायची आणि तो तिला कोमाद्रे.

"कोमाद्रे, नंबर पडला त्याला," तो म्हणाला. "आता तो तुमचा दोर नाही. तो सदतीस आहे."

"सदतीस कसला? माझ्या आईनं कातलंय ते सूत."

"कातलं आईनं, वहीत लिहिलं मी. बसा, कोका घ्या. दुरुस्तीवाले पुढच्या महिन्यात येतायत."

ती कड्यापाशी गेली. तिने खाली पाहिले, मग माझ्याकडे पाहिले. माझ्या गाठीवर हात ठेवला आणि काढून घेतला. मला सोडले तर तिथे काहीच राहणार नव्हते, हे तिलाही दिसत होते. उबाल्दोच्या नंबराने मला जेवढे बांधले, तेवढेच तिच्या त्या नजरेने बांधले.

मित्रांनो, अडकून पडणे म्हणजे काय ते सांगतो. दुपारी ऊन मला सैल करी. रात्री माझ्यात मुरलेले पाणी गोठे, आणि गोठलेले पाणी जास्त जागा घेते, म्हणून माझे धागे आतून ताणले जात. वाऱ्याने मी हलत असे आणि डावीकडच्या खुंटीवर नेहमी त्याच जागी घासला जात असे. पहिले सूत सप्टेंबरात तुटले. त्यानंतर मी मोजत राहिलो. चोवीसपैकी एक, मग दोन. मार्चपर्यंत पाच. या गतीने मी किती वर्षांनी आपोआप सुटेन याचा अंदाज मी काढला होता. तेव्हा मी दोर राहिलेलो नसणार, हेही त्या अंदाजात होते.

चालणारे लोक येत. काही मला धरून खाली डोकावत. काही सरळ मला ओलांडून कड्याच्या टोकावर फोटो काढत. ज्यांना कोणी सांगितलेले नसते ते आत राहतात. या लोकांना तर, दोर ओलांडू नका, असे उबाल्दोने पाटीवर लिहून सांगितले होते.

घरची हकिकत मला दियोनिसियाच्या बोलण्यातून कळे. माझ्या जागी तिने निळी नायलॉनची दोरी आणली. कळपाचा म्होरक्या फुयू, करड्या रंगाचा मोठा लामा, तिने लादल्याबरोबर ती दोरी ओलांडून निघून गेला. बाकीचे दहा त्याच्या मागे. त्यांना गोळा करायला पूर्ण दिवस गेला. त्या संध्याकाळी नाझारिओने दगडी गोठ्याचे दार लावले. गाठ वर आहे तोवर कळप बाहेर पडणार नाही, म्हणाला. चालणाऱ्यांचे सामान खालच्या गावची खेचरे नेऊ लागली.

"गोठ्यात उभे आहेत सगळे," दियोनिसिया उबाल्दोला सांगत होती; वडिलांना ती तायता म्हणायची. "तायता पण अंगणातून हलत नाहीत. मी ताटं पोचवते, तिकडं एक, इकडं अकरा. या वर्षी वाटेला लागले नाहीत तर त्यांना वाट आठवणार नाही, आणि लहान आहेत त्यांना ती कधी कळणारच नाही. मग ते नुसते लोकरीचे ढीग."

"दुरुस्तीवाले पुढच्या महिन्यात..."

"कुठल्या सालातल्या, कोंपाद्रे?"

उबाल्दोने टोपी सारखी केली.

जूनमध्ये ती एकटी आली. पाठीवरच्या कापडात इचू गवताचा नवा दोर होता, सात वाव लांब, अजून हिरवट वासाचा. तिने तो उबाल्दोसमोर ठेवला.

"वही काढा."

त्याने वही काढली. तिने बोट ठेवून वाचले. "सदतीस. दोर, एक. लोकरीचा असं लिहिलंय कुठं?"

उबाल्दोने वही डोळ्यांजवळ नेली, मग लांब धरली. "नाही लिहिलेलं."

"मग हा घ्या दोर, एक."

"कोमाद्रे, गवत आहे ते. वर्षात कुजेल."

"कुजू दे. म्हणजे दर वर्षी कोणाला तरी इथं येऊन जुना सोडून नवा बांधावा लागेल. मी येईन."

तो बराच वेळ गवताच्या दोराचा पीळ तपासत राहिला. मग म्हणाला, "आधी नवा बांधा. मधे एक क्षण जागा मोकळी नको."

नवा दोर माझ्या शेजारी, माझ्याच खुंट्यांवर बसला आणि उबाल्दोने माझा बिल्ला काढून त्याला अडकवला. मग ती माझ्या गाठींकडे वळली. चौदा महिन्यांच्या पावसाने आणि हिवाने त्या दगडासारख्या झाल्या होत्या. उबाल्दोने सुरी पुढे केली.

"कापलेल्या गाठीला तायता सुटलेली गाठ म्हणणार नाहीत," ती म्हणाली.

मागावर सूत ठोकायचे लामाच्या हाडाचे टोकदार हत्यार तिने कमरेतून काढले. आधी उबाल्दोच्या गाठी, मग त्याखालची तिची. हाड आत घालायचे, किंचित हलवायचे, थांबायचे. तिच्या नखातून रक्त आले. उबाल्दोने गरम पाणी आणून ओतले. सूर्य डोंगरामागे जायच्या आधी माझी शेवटची गाठ सुटली. मी सरळ होऊ शकलो नाही. जिथे गाठी होत्या तिथे मी अजूनही वाकडाच आहे.

तीन दिवसांनी गोठ्याचे दार उघडले. नाझारिओ काठी टेकत आला. त्याने मला दोन्ही हातांनी टोकापासून टोकापर्यंत चाचपले, तुटलेल्या सहा सुतांवर त्याचा अंगठा थांबला. बिल्ल्याचा ठसा त्याने बोटाने चोळून पाहिला. मग त्याने आणि दियोनिसियाने मला अकरा लामांभोवती फिरवले.

मला भीती वाटत होती. पावसाने माझा वास धुऊन नेला होता, उन्हाने माझा काळा रंग तांबूस केला होता. फुयू पुढे आला. त्याने मला हुंगले. छाती माझ्यावर टेकली आणि जोर लावला. सातवे सूत तटकन तुटले.

मग तो मागे सरकला आणि उभा राहिला. बाकीचे त्याच्यामागे उभे राहिले.

"त्याला अजून कोणी सांगितलेलं नाही," नाझारिओ म्हणाला आणि पहिले ओझे उचलायला वाकला. दियोनिसियाने ते त्याच्या हातातून घेतले.

ओझी लादून झाल्यावर माझी गाठ सोडायला मात्र त्याने तिला हात लावू दिला नाही.

मित्रांनो, तुम्हीही काहीतरी बांधाल. वासरू बांधाल, तंबू बांधाल, पडणाऱ्या माणसासाठी दोर बांधाल. जरूर बांधा, आणि घट्ट बांधा. फक्त तिथून निघताना, ती गाठ सोडायला कोण परत येणार आहे, एवढे ठरवून जा.