खिचडीच्या टोपात मटण

मित्रांनो, मी एक जुना टोप आहे. जर्मनचा म्हणजे अॅल्युमिनियमचा, दोन कड्यांचा, बुडाला काळा आणि एका अंगाला पोचा आलेला. तुमच्या घरातली चकचकीत भांडी मला नावं ठेवतील. ठेवू देत. आपल्यात काय शिजतं आणि कोणासाठी शिजतं हे त्यांनी आधी सांगावं, मग मी लाजेन.

माझा जन्म रबाळ्याच्या एका कारखान्यात झाला. सपाट पत्रा होतो, यंत्राने दाबून मला पोट दिलं. तिथून मी नवी मुंबईच्या टोकाला, खाडीकाठच्या एका गावातल्या अंगणवाडीत आलो. पूर्वी या गावात भातशेती आणि मिठागरं होती. आता शेतांवर कंटेनरची यार्डं आहेत आणि गावकऱ्यांनी कडेला पत्र्याच्या खोल्या बांधून त्या परगावच्या लोकांना भाड्याने दिल्या आहेत.

अंगणवाडीच्या सेविका गोजराबाई. मदतनीस बाई निवृत्त झाल्या, त्यांची जागा काही भरली नाही. मग मुलांना गाणी शिकवायची गोजराबाईंनीच, नाकं पुसायची त्यांनीच आणि माझ्यात खिचडी शिजवायचीही त्यांनीच. त्यांचा एकच हट्ट होता, मुलाने समोर बसून जेवायचं. एखादी आई डबा पुढे करून म्हणाली, "बाय, डब्यान दे, घरी भरवीन," तर बाई साफ नाही म्हणायच्या.

"घरी डबा उघडतो कोन नि खातो कोन, मना ठाव हाय. बसव त्याला हिथं."

त्या मुलांत संघमित्रा होती. तीन वर्षांची, भाड्याच्या खोल्यांतली. तिचे आईबाप मराठवाड्यातून आलेले, बाप यार्डात माल चढवायचा. पोरगी इतकी किरकोळ की तिला उचलताना बाईंच्या कपाळाला आठी पडायची. घास तोंडात धरून बसायची, गिळायची नाही. एकदा बाईंनी माझ्या बुडाची खरवड काढून तिच्या हातावर ठेवली, तर ती कुरुकुरु खाऊ लागली. तेव्हापासून खरवड तिच्या एकटीची. आधी खरवड, मग गोष्ट सांगत मऊ घास. हळूहळू पोरगी अंग धरू लागली. बाई म्हणायच्या, "टोप लय गुनाचा हाय." आयुष्यात मला मिळालेली ही एवढीच शाबासकी. मी फुगलो, खोटं कशाला बोलू?

मग ती कोरोनाची साथ आली. अंगणवाडीला कुलूप लागलं. वरून हुकूम आला, शिजवणं बंद, मुलांना कोरडा शिधा घरपोच द्या. गहू, डाळ, चणे, तिखट-मीठ. ऐकायला किती छान! हुकूम काढणाऱ्याच्या घरातले डबे भरलेले असणार, त्याला काय कळणार? इकडे यार्ड थंडावलं आणि संघमित्राच्या बापाचं काम गेलं. दारात ठेवलेलं पोरीचं पाकीट हेच त्या खोलीतलं धान्य. आई, बाप, आजी, दोन भाऊ, सगळ्यांनी त्यातच पोट भरलं. त्यांना कुठल्या तोंडाने दोष द्यायचा?

तापाच्या सर्व्हेसाठी दारोदार फिरायचं कामही गोजराबाईंच्याच गळ्यात पडलं होतं. एका फेरीत त्यांना संघमित्रा दारात बसलेली दिसली, मान खांद्यावर टाकून. बाई तिथून थेट अंगणवाडीत आल्या, मला उचलून घरी नेलं आणि गॅसवर चढवलं. खिचडी मऊ शिजवली आणि बुडाला मुद्दाम लागू दिली.

त्या मला घेऊन निघाल्या तोच त्यांचे दीर हरेश आडवे आले. हरेशभाऊ गावकमिटीचे अध्यक्ष आणि त्या खोल्यांचे मालक. साथ येताच त्यांनी वेशीवर बांबू आडवा बांधला होता. खोल्या बरोबर बांबूच्या पलीकडे राहिल्या. भाडं घेताना त्या गावात होत्या, आता गावाबाहेर गेल्या.

"वैनी, टोप घेऊन कुठं निघाल्या?"

"संघमित्राला भरवून येते. पोर पार सुकली रे."

"तुमी त्या लोकांना शिवनार नि परत आमच्या घरान येनार? आई हाय, बारकी पोरं हायेत. जायाचं तर जा, मंग तिकडंच रवा. आमाला टेन्शन नको."

"त्यांच्यान कोनाला ताप नाय. मीच बघून आले."

"मंग पाकीट ठेवा नि लांबनं हाक मारा. ऑर्डर तीच हाय ना?"

गोजराबाईंचा नवरा वारलेला, घर दिराचं. त्या उंबऱ्यात थांबल्या आणि मागे फिरल्या. त्यांची अडचण मला कळत होती, तरी मला त्यांचा राग आला. आजही येतो.

ती खिचडी हरेशभाऊंच्या घरात संपली. मला मात्र त्यांनी बांबूपाशी नेलं. पहाऱ्यावरच्या पोरांना मोठं भांडं हवंच होतं. माझ्यात मटण शिजू लागलं. मास्क हनुवटीवर ओढून चौघेचौघे एका ताटात जेवायचे. तिथे साथ येत नसावी! पलीकडे, हाकेच्या अंतरावर, संघमित्रा भिंतीला टेकून आमच्याकडे बघत बसायची. तिला कोणी रस्सासुद्धा दिला नाही. एका सकाळी त्या खोलीला कुलूप दिसलं. ती माणसं पायी आपल्या गावाकडे निघून गेली होती.

साथ ओसरली. गोजराबाईंना कोविड योद्धा म्हणून शाल-नारळ मिळाला आणि तो देणारे हरेशभाऊच. मला घासूनपुसून अंगणवाडीत परत ठेवलं. यार्डात काम सुरू झाल्यावर संघमित्राची आईही परतली. एका दुपारी मुलं जेवायला बसलेली असताना ती दाराशी येऊन टेकली. बाईंनी पोरीची चौकशी केली.

"वाटंतच गेली, ताई. ताप नव्हता, काय नव्हतं. कोनी बिस्कुट दिलं, तर तिला गिळायला येईना." मग ती म्हणाली, "हितं रोज दारात बसायची. बाई येत्याल म्हनायची."

गोजराबाईंनी थाळी घेतली, माझ्यातली गरम खिचडी वाढली आणि तिच्यापुढे ठेवली. तिने थाळीला हातही लावला नाही.

"हे तवा आनायचं व्हतं, ताई," एवढं म्हणून ती उठून गेली.

मित्रांनो, निरोप घेताना आम्ही भांड्यांनी म्हणायचं असतं, आम्हाला नीट जपा, मोडीत घालू नका. मी तसं म्हणणार नाही. मला खुशाल मोडीत घाला. पण मूल उपाशी दिसलं, तर पाकीट ठेवून लांबून हाक मारू नका. आत जा, त्याच्यापुढे बसा, स्वतःच्या हाताने भरवा आणि तेही त्याच दिवशी. नंतर वाढलेलं खायला कोणी येत नाही.