समुद्रावर गेलेला रिकामा डबा

मी एक जुना, कडीचा स्टीलचा डबा आहे. मुंबईच्या बंदरावर तपासणीच्या टेबलावर मला उघडलं, तेव्हा माझ्यात बासष्ट ठेपले, वीस मेथीचे लाडू, एक किलो शेव आणि लिंबाच्या लोणच्याची एक बरणी होती. खाणारी माणसं चौदा होती. सगळी सारंगखेड्याची, एकाच भावकीतली, क्रूझवर निघालेली.

मित्रांनो, तिथे माझं काय झालं ते सांगण्याआधी थोडं मागचं सांगतो.

कारखान्यात सपाट पत्रा दाबून मला आकार दिला. खापर गावच्या बाजारात प्रमिलाबाईंनी मला बोटाने वाजवून पाहिलं आणि निवडलं. दुकानदाराने माझ्या झाकणावर त्यांचं नाव कोरलं. तेव्हापासून द्वारका असो, हरिद्वार असो की काठमांडू, मी बरोबर असतोच. आमच्याकडे मंडळी फिरायला निघाली की घरचं खाणं सोबत जातं, आणि ज्या घरचा डबा सर्वांत मोठा, त्या घरच्या बाईकडे वाढण्याचं काम येतं. मीच सर्वांत मोठा होतो. "प्रमिलाबाईना डबा शे, मंग चिंता नई," असं लोक म्हणत. ऐकून मला अभिमान वाटायचा.

पहिल्या क्रूझला प्रमिलाबाई आणि त्यांचे पती चुनीलालभाऊ दोघंच होते. दोघं कठड्याशी उभे राहून उडणारे मासे शोधत. दुसऱ्या क्रूझला भावकी सोबत आली. मग कोण जेवलं, कुणाला जहाजावरची भाजी चालली नाही, कुणाला पुन्हा भूक लागली, हेच प्रमिलाबाई बघत राहिल्या. परतल्यावर शेजारणीने विचारलं, "समुद्र कसा व्हता?"

"काय माहीत बाई! मन्हं ध्यान डबामाच व्हतं."

यंदा तिसरी क्रूझ ठरली, तेव्हा त्यांना फारसा उत्साह नव्हता. त्यात शहाद्याच्या डॉक्टरांनी रक्तदाब मोजला. वरचा आकडा एकशे अडुसष्ट निघाला. गोळ्या बदलून देत डॉक्टर म्हणाले, "तिकिटं काढलीच आहेत तर जाऊन या. पण धावपळ नको. परतल्यावर सकाळी घरी मोजा. वरचा आकडा एकशे चाळीसच्या खाली आला नाही, तर पुढचे प्रवास बंद."

घरी आल्यावर प्रमिलाबाईंनी मात्र ठेपल्यांसाठी पीठ भिजवलं.

तर, तपासणीचं टेबल. आधीच्या दोन्ही वेळी मी मोठ्या बॅगेच्या तळाशी होतो, म्हणून कुणी विचारलं नव्हतं. या वेळी मी हातात होतो.

"ताई, घरी शिजवलेलं जहाजावर चालत नाही. डबा रिकामा करून न्या," तपासणीस म्हणाला.

"अहो, चौदा माणसं आहेत! खातील काय?"

मागून त्यांचे दीर गोपाल म्हणाले, "भाभी, जहाज बुडाले लागनं तरी तुम्ही पह्यले ठेपला वाटशात!"

सगळे हसले. प्रमिलाबाई हसल्या नाहीत. बाहेर उभ्या असलेल्या हमालांना आणि बसचालकांना त्यांनी सगळं स्वतः वाढलं, लोणच्यासकट. मी रिकामा झालो. माझा उपयोग संपला, असं मला वाटलं.

जहाजावर पहिल्याच जेवणाला प्रमिलाबाई सवयीने उठल्या आणि प्रत्येकाच्या ताटात डोकावू लागल्या. सून मोहिनी जहाजावरच्या वाढप्यांकडे बोट दाखवत म्हणाली, "आई, बठा. आठे वाढाले मानसं शेतस."

"मंग मी काय करू?"

"जे पह्यले करेल व्हतं ते," चुनीलालभाऊ म्हणाले. "चाल, कठडाकडे."

खोलीच्या बाल्कनीत प्रमिलाबाईंनी कठड्याशी खुर्ची ओढली, मला पालथा घातला आणि माझ्यावर पाय ठेवले. माझ्या पत्र्याला इंजिनाची बारीक थरथर जाणवत होती. हळूहळू त्यांच्या पायांचा ताण गेला, आणि भार माझ्यावर सारखा पडू लागला. एकदा पाय एकदम उचलले गेले. "देखा, तो देखा! डॉल्फिन!" त्या ओरडल्या. जेवणाची वेळ झाली, तरी त्या हलल्या नाहीत. शेवटी गोपालच ताट घेऊन आले. "ल्या भाभी, आते मी वाढस. तुम्हना डबा ते पाट व्हई गया!"

या वेळी प्रमिलाबाई अशा हसल्या की मी खालून खडखडलो. पाट होण्यात कमीपणा नव्हता, मित्रांनो. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच त्या माझ्यामुळे बसल्या होत्या.

तुमच्या घरीही कुणीतरी सतत उभं राहून वाढत असेल. त्यांच्या हातातला डबा कधी तरी तुम्ही घ्या. सगळ्यांना वाढा, डबा घासा आणि झाकण उघडं ठेवून नीट वाळवा. तेवढ्यात त्यांना बसू द्या.

गावी परतल्यावर दुसऱ्या सकाळी प्रमिलाबाई स्वयंपाकघरात खुर्चीवर शांत बसल्या. मोहिनीने त्यांच्या दंडाला पट्टा बांधला. चुनीलालभाऊ दारात थांबले. पट्टा फुगला, सैल झाला, यंत्र वाजलं आणि मोहिनीने आकडे मोठ्याने वाचले.

वरचा एकशे बत्तीस, खालचा ब्याऐंशी.