मालकीण कामावर असेल तर

भिलाने लोटनच्या घरून मागून नेलेला बैल त्याच्याच शेतात मेला. लोटन शहाद्याहून परत येईपर्यंत भिलाने तो पुरूनही टाकला होता. पुढच्याच महिन्यात लोटनची बायको धनुबाई हृदयविकाराच्या झटक्याने गेली. भिला दहाव्याला आला आणि खाली मान घालून बसला. हा बैलाबद्दल काहीतरी लपवतोय, हा लोटनचा संशय तेव्हा पक्का झाला. या शेजाऱ्याशी आता बोलणं ठेवायचं की कायमचं तोडायचं, एवढंच त्याला ठरवायचं होतं.

त्याची मुलगी चेतना पुण्यात पीएचडी करत होती. विषय होता रब्बींचे, म्हणजे ज्यू धर्मशास्त्र्यांचे, दोन हजार वर्षांपूर्वीचे कायदे. मागून नेलेलं जनावर मेलं तर काय, यावर त्या लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या वाद घातला होता. त्या वादात तिला आपलं गाव, ब्राह्मणपुरीच दिसायची.

"मंग काय म्हनतस तुन्हा शास्त्री?" लोटनने घरी आलेल्या चेतनाला विचारलं.

"जनावर आपोआप मरनं तरी नेणाराले भरी देनं पडस."

"शहाना लोके!"

"पन मालक तव्हय त्यानाच कामवर व्हता, तर काहीच लागत नही."

"मी शहादाले व्हतू. तू कोणनी वकील शे?"

"आप्पा, बैल मामानी आईले दिन्हा व्हता. आई कोठे व्हती?"

"घर," लोटन म्हणाला. पण त्याची खात्री नव्हती. तो तडक भिलाच्या ओसरीवर जाऊन बसला. चेतना मागोमाग आली.

"काका, त्या दिन आई व्हती का शेतमा?"

भिला लोटनकडे वळला. "व्हती. तो बैल तिन्हाशिवाय चालेच नही. दुपारले तिन्हा छातीमा दुखाले लागनं. मी जू सोडं, तिले मोटारसायकलवर घर आणं. तवलोंग बैल ज्वारीमा घुसना."

कोवळी ज्वारी खाल्ली की जनावर वाचत नाही, हे तिथे कोणाला सांगायला नको होतं.

"माले का सांगं नही?"

"वहिनीनी शप्पथ घाली व्हती. लोटन घाबरी जाई, म्हने."

चेतना हळूच म्हणाली, "आप्पा, मालकीण कामवर व्हती. काकावर काही लागत नही."

"बैलनं कोण इचारी ऱ्हायनं?" लोटनचा आवाज फाटला. "महिना व्हता मन्हाजोडे! दवाखानामा लई जातू मी तिले. त्यानं काय लिखेल शे तुन्हा कागदमा?"

भिला आत गेला, पाण्याचा तांब्या घेऊन आला आणि समोर धरून उभा राहिला.

लोटनने तांब्या घेतला नाही. पण तो उठलाही नाही.